एमएम ५४० पुन्हा उभी करतोय: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

रानवाट_१५

नमस्कार मंडळी. दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागायतदाराकडून मागच्या महिन्यात १९९४ ची एमएम ५४० (महिंद्राची जीप) घेतली. सात वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या बाकांवर कोंबड्यांनी संसार थाटला होता, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, पण चासी सरळ आहे. मागचा एक क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) तेवढा सडलाय. इंजिन मूळचंच, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. पाना लावून क्रँक फिरवला तर फिरतो, कुठे अडकत नाही.

जीप रोजच्या वापराची नाही. पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूल, पेठकडचे कच्चे रस्ते आणि वर्षातून एखादवेळा बागलाणात साल्हेर-मुल्हेर. पाण्यात उतरणार, चिखलात रुतणार, हे धरूनच चाला.

आता मुद्दा. नाशकातल्या द्वारकेजवळच्या एका दुकानातून सामानाची यादी करून घेतली. यादी एकच, ४६ ओळींची, पण भाव दोन. नावाजलेल्या कंपन्यांचा माल घेतला तर २ लाख १० हजार, लोकल घेतला तर ८५ हजार. माझ्याकडे सामानासाठी दीड लाख आहेत, मजुरी वेगळी. मिस्त्री म्हणतो, "जीप आहे साहेब, काहीही घाला, पळते." वडील म्हणतात, "घ्यायचं तर एकदाच घे, चांगलं घे." दोन्ही कागद समोर ठेवून चार रात्री बसलोय. ज्यांनी स्वतःच्या पैशाने जुनी जीप उभी केलीय त्यांनी सांगा, कुठल्या ओळीला कुठला भाव?

गोदाकाठ

अभिनंदन! फोटो टाक आधी. आणि कोंबड्या गाडीसोबत मिळाल्या का?

अंबडचा_टर्नर

दुकानदाराने यादी भावाप्रमाणे लावलीय. तू ती कामाप्रमाणे लाव, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिही. हा भाग चालत्या गाडीत गेला तर काय होईल? आणि तो बदलायला काय काय खोलावं लागेल? पहिल्याचं उत्तर 'गाडी थांबणार नाही' किंवा 'गाडी वळणार नाही' असं आलं, तर भावाचा कॉलम बघूच नको. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकचे रबरी होज, टाय रॉड एंड, किंग पिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं तिची) बेअरिंग हे सगळं त्यात आलं.

दुसऱ्या प्रश्नात लोक फसतात. क्लचचं रिलीज बेअरिंग घे. वस्तू छोटी, लोकल आणि चांगल्यात फरक काही शे रुपयांचा. पण ते ओरडायला लागलं की प्रोपेलर शाफ्ट सोडा, ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्स खाली घ्या, दोन माणसं, एक दिवस. म्हणजे त्या बेअरिंगची खरी किंमत डब्यावर नसते, ती मजुरीत असते. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचं तेच, पिनियन सीलचं बऱ्यापैकी तेच.

उलट वायपर, हॉर्न, आरसे, इंडिकेटर, सीटचं रेक्झिन, दाराचे रबर, सायलेन्सर. गेलं तर दिसतं किंवा ऐकू येतं आणि दहा-वीस मिनिटांत बदलता येतं. इथे लोकल घाल, निवांत झोप.

द्राक्षमळा

टर्नरभाऊंना +१. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये काटकसर नको. बाकी मग चर्चा करत बसू.

पेठचा_गुरुजी

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

माझी एमएम ५४० बारा वर्षं रोज चालतेय. शाळा, बाजार, अडल्यानडल्याला दवाखाना. तुम्ही नाशकात राहता, फोन केला की संध्याकाळपर्यंत माल हातात. मी राहतो तिथून पेठ गाठायलाच तास जातो, आणि पेठच्या दुकानात जे असतं तेच असतं. माझ्या लेखी चांगला भाग तो, जो दारात गाडी बंद पडल्यावर त्याच दिवशी मिळतो आणि गावातला पोरगा साध्या पान्यांनी बसवतो.

माझा वॉटर पंप लोकल आहे. सीटखाली दुसरा तसाच, गॅस्केटसकट, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. दोन्ही मिळून एका भारी पंपापेक्षा स्वस्त पडले. फॅन बेल्टचं तसंच, एक चढवलेला, एक खिळ्याला टांगलेला. ब्रेकबद्दल मात्र वरच्यांशी सहमत. पण 'लोकल म्हणजे कचरा' असं सरसकट लिहू नका, आमच्याकडच्या निम्म्या जीपा त्याच मालावर उभ्या आहेत.

रानवाट_१५

गुरुजी, राग कसला. वॉटर पंपाची दोनाची कल्पना लगेच वहीत उतरवली.

टर्नरदादा, यादी तशी लावतोय. ४६ पैकी १७ ओळी 'बघूच नको'मध्ये गेल्या. कोंबड्या मिळाल्या नाहीत, पण डॅशबोर्डच्या खणात अंड्याची टरफलं होती.

सातपूर_दुसरी_पाळी

'लोकल' हा एकच शब्द वापरतो आपण, पण त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. मी एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, नाव घेत नाही.

पहिला प्रकार, जो कारखाना मोठ्या कंपनीला माल देतो तोच स्वतःच्या नावाने बाजारात विकतो. हा खरोखर चांगला असतो आणि कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त. नाशकातल्या अंबड-सातपूर एमआयडीसीत असे कितीतरी आहेत. दुसरा, छोट्या शेडमधला प्रामाणिक माल. नाव त्याचंच, धातू बरा, पण हीट ट्रीटमेंट एखाद्या लॉटला जमते, एखाद्याला नाही. तिसरा, दुसऱ्याच्या डब्यातला नकली. खरा राग याच्यावर हवा, कारण तुम्ही पैसे चांगल्या मालाचे मोजता.

'एकाच शेडमधून दोन डब्यांत जातो, माल सेमच' हे वाक्य दुकानात हमखास ऐकाल. अर्धवट खरं आहे. साचा तोच असतो, पण तपासणीत जो बाजूला काढला जातो तो भंगारातच जातो याची खात्री कोण देणार?

घरच्या घरी एक करता येतं. शॅकल पिन (कमानपाटा चासीला जोडणारी) घेतलीस की तिच्या कडेला बारीक कानस फिरव. वरचा थर नीट कडक केलेला असेल तर कानस नुसती घसरते, काच घासल्यासारखा आवाज येतो. भुसा निघाला तर ती पिन कच्ची, एका पावसाळ्यात बुशमध्ये खड्डा पाडून मोकळी होईल. दुकानदाराला आधी विचारून कर, नाहीतर पिन तुझीच.

बेअरिंगसाठी डब्याकडे बघू नकोस, बेअरिंगवरचा नंबर वाच. पुढच्या हबला १८५९० आणि १८५२० ही जोडी, मूळ अमेरिकन विलिज जीपच्या काळापासून हाच नंबर चालत आलाय. अक्षरं स्वच्छ कोरलेली हवीत, नखाने शाई निघायला नको. एसकेएफचं तर मोबाईलवर खरं-खोटं पडताळायचं ॲपसुद्धा आहे.

चाकोरीबाहेर

वाखू (वाचनखूण) साठवली. हा एक प्रतिसाद दुकानाच्या भिंतीवर लावायला हवा.

कडवा_धरण

इथे माझा प्रसंग सांगतो, कारण 'रविवारची गाडी आहे, काय होतंय' असं मीही म्हणायचो.

माझी जुनी सीजे (महिंद्राचीच आधीची जीप) होती, ब्रेकला एकच सर्किट. मास्टर सिलिंडर स्वस्तातला घातला. तीन महिने झकास. मग चैत्रात सप्तशृंगी गडावर गेलो, सोबत आई, मावशी आणि दोन भाचरं. दर्शन घेऊन नांदुरीकडे उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल एकदम मऊ झालं. पंप केला, थोडं वर आलं. पुढच्या वळणावर थेट जमिनीला टेकलं. गिअर दुसऱ्यात होता म्हणून वेग कमी. हँडब्रेक ओढला. त्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमला असतो. गाडी हिसका देऊन कठड्याच्या बाजूला थांबली. मावशी शेवटपर्यंत म्हणत होती, "अरे किती हळू चालवतोस." तिला मी आजवर सांगितलेलं नाही.

गॅरेजला सिलिंडर खोलला. आतला रबरी कप फुगून मऊ झाला होता. नख टेकवलं तर रुतून बसलं. तेव्हापासून ब्रेकच्या कुठल्याही वस्तूसाठी मी घासाघीस करत नाही.

पंपरूमवाली

बाप रे, कडवादादा. अंगावर काटा आला वाचून.

एक विचारू? कप झिजला होता की फुगला होता?

कडवा_धरण

फुगला होता ताई. मूळ मापापेक्षा मोठा वाटत होता.

पंपरूमवाली

मग सगळा दोष कपाचा नसेलही. बसवण्याआधी सिलिंडर कशाने धुतला होता?

आमची डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनची पंपरूम आहे, वडिलांनी सुरू केलेली, आता मी बघते. शेजारीच ब्रेकचं काम चालतं. मिस्त्री लोक हाताला लागेल त्याने धुतात, बहुतेक वेळा डिझेलने. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, डिझेल-पेट्रोल-इंजिन ऑइल त्याला चालत नाही. थोडं जरी आत राहिलं तरी रबर ते पितं, फुगतं, मऊ होतं. अशा सिलिंडरमध्ये महागातला कप घातला असता तरी तो फुगलाच असता. ब्रेकचे भाग ब्रेक ऑइलनेच धुवावेत, नाहीतर स्पिरिटने, आणि हवेने सुकवावेत.

ब्रेक ऑइलचाही हिशेब ठेवा. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं तेच २३०. पण ते हवेतलं पाणी ओढतं. मग उकळायचा आकडा डॉट ३ चा १४० आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ड्रम तापला की आत वाफ होते, पेडल खाली जातं. सात वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल टाकूनच द्या. दर दोन वर्षांनी बदला, फोडलेली बाटली ठेवून वापरू नका.

कडवा_धरण

ताई, आता आठवून सांगतो. डिझेलनेच धुतला होता. माझ्या समोर, पत्र्याच्या डब्यात. अकरा वर्षं मी त्या वस्तूला दोष देतोय.

अंबडचा_टर्नर

हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. रानवाट, तुझ्या दीड लाखातून पंधरा-वीस हजार आत्ताच बाजूला काढ. सामानासाठी नाही, सामान ज्यावर बसणार त्यासाठी.

उदाहरण देतो. ऑइल सील गळतं म्हणून लोक तीनदा सील बदलतात, दर वेळी आधीपेक्षा महागातलं. शाफ्टवर बोट फिरवून कोणी बघत नाही. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते, नखाला लागते. त्या चरीवर जगातलं कुठलंही सील गळणारच. शाफ्टला पातळ स्लीव्ह चढव, किंवा ती जागा भरून टर्न करून घे, मग साधं पण नीट कंपनीचं सील वर्षानुवर्षं टिकतं.

ब्रेक ड्रमचंही तेच. लायनिंग नवी, ड्रम अंडाकृती, मग पेडल पायाखाली नाचतं. आधी ड्रम मोजून घे. टर्न करायला जागा उरली नसेल तर नवा घे. आणि एका अक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच डब्यातली लायनिंग. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी घातलीस तर ब्रेक दाबला की जीप आपली आपण वळेल.

गोदाकाठ

म्हणजे वडिलांचंही बरोबर आणि मिस्त्रीचंही चूक नाही, फक्त मिस्त्रीच्या हातातला डिझेलचा डबा काढून घ्यायचा.

सय्यद_मालेगाव

किंग पिनवर जरा लिहितो, कारण ५४० आणि सीजे घेणारे सगळे स्टिअरिंगच्या थरथरीने हैराण होतात आणि भलतीकडेच पैसे घालतात. पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग हातात नाचायला लागलं की आधी टायर बदलतात, मग बॅलन्सिंग, मग स्टिअरिंग बॉक्स.

पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर हबचं बेअरिंग किंवा किंग पिन. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, तरी खडखड राहिली तर किंग पिन. तिथे वर-खाली दोन टेपर बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) बसवायचा असतो. मिस्त्री नवीन बेअरिंग घालतो आणि जुन्याच शिम परत ठेवतो. झालं, बेअरिंग नवं, ढिलेपणा जुना. माझे उस्ताद ताणकाटा लावायचे. नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याच्या) आर्मला, टाय रॉडच्या भोकात काट्याचा हुक अडकवून हळू ओढायचे आणि मॅन्युअलमधल्या ओढीला नकल फिरेपर्यंत एकेक शिम काढायचे-घालायचे. तासभर त्यातच जायचा. पण ती गाडी परत थरथरली नाही.

बेअरिंग चांगलं घ्या, शिमचा सेट पूर्ण घ्या, आणि तासभराची मजुरी आनंदाने द्या.

इगतपुरी_लोकल

धागा वाचून जुने दिवस आठवले. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोशी करार केला आणि मग ही डिझेल इंजिनं आमच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनायला लागली. तुमच्या जीपचं काळीज घाटावरचंच आहे, सांभाळा त्याला.

पंपरूमवाली

इगतपुरीकाकांचं वाचून इंजिनाकडे येते. ५४० चं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं. आधी छोट्या खोलीत डिझेल पेटतं, मग सिलिंडरमध्ये येतं. म्हणून त्याला हीटर प्लग लागतात. चारातला एक गेला तरी नाशिकच्या थंडीत, आणि निफाडकडे तर विचारू नका, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी संपते. लोक बॅटरी बदलतात, सेल्फ भरून घेतात. आधी चारही हीटर प्लग काढून तपासा.

नोझलमध्ये लोकल नको. खराब नोझल फवारा करत नाही, धार मारते. त्याने पिस्टनवर डिझेल जळतं, काळा धूर येतो, आणि शेवटी पिस्टनच जातो. मायको सर्कल ज्या मायकोच्या नावाने आहे, त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं. नोझल-इंजेक्टर इथेच सातपूरला बनतात. आपल्याच गावची वस्तू सोडून नकली डबा कशाला घ्यायचा?

पंप मात्र नवा घेऊ नका. जुना पंप धुऊन, गेलेले भाग बदलून, मशीनवर लावून घेतला की बहुतेक वेळा भागतं. तिथे तुमचे बरेच पैसे वाचतील. आणि टाकीतलं सात वर्षांचं डिझेल काढून टाकी धुतल्याशिवाय यातलं काहीही जोडू नका. आमच्याकडे परत येणाऱ्या पंपांत निम्मी तक्रार गंजाची आणि पाण्याची असते.

चाकोरीबाहेर

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९४ ची गाडी सात वर्षं उभी म्हणजे नूतनीकरण बहुधा चुकलेलं असणार. आधी आरटीओत जाऊन विचार. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, नूतनीकरणाला फॉर्म २५. पर्यावरण कर आणि उशिराचे पैसे धरून ठेव.

चासी नंबरच्या जागी पेंटरला पुट्टी भरू देऊ नकोस, मी स्वतः दोन तास पॉलिश पेपरने घासत बसलोय. आणि दुसरं इंजिन घालायचा मोह झाला तर परवानगीशिवाय नको. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीत केलेले बदल नोंदणीत चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय.

द्राक्षमळा

गाडी उभी करायच्या आधी कागद उभे करा, हे खरं.

रविवार_स्पेशल

सगळे 'चांगलं घ्या' म्हणतायत, म्हणून उलटा अनुभव. मी चांगलंच घेतलं. परदेशी शॉकॲब, छतावर एलईडी बार, विंच, मोठे टायर. पैसे संपले तेव्हा वायरिंग उरलं होतं. म्हटलं, जुनंच राहू दे, टेप मारून. एलईडी बारची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला. भंडारदऱ्याहून येताना घोटीच्या अलीकडे डॅशबोर्डच्या मागून धूर. बॅटरीची वायर हाताने ओढून तोडली, तळहातावर अजून डाग आहे.

तीस वर्षं जुन्या गाडीचं वायरिंग कडक होऊन तडकलेलं असतं. नवीन हार्नेस, फ्यूज बॉक्स आणि दिव्यांना रिले. माझ्या यादीत हे आता ब्रेकच्या लगेच खाली आहे. टर्नरभाऊंच्या दोन प्रश्नांत तिसरा घाला, 'आग लागेल का?' डिझेलच्या रबरी नळ्याही त्यातच आल्या.

सातपूर_दुसरी_पाळी

नट-बोल्टचं राहिलं. ४६ ओळींत नट-बोल्ट आहेत का? या जीपची गंमत अशी की चासी आणि अक्सल विलिजच्या वळणाचे, म्हणजे आटे इंचाचे. इंजिन प्यूजोचं, म्हणजे मिलिमीटरचं. मिस्त्रीच्या डब्यात दोन्ही मिसळलेले असतात. इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे आरामात जातो, मग जोर लावला की आटे खातो.

आणि डोक्यावरचा आकडा बघ. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसून तुटतो, पण त्याच्या ८० टक्क्यांवरच कायमचा ताणला जातो. १०.९ चे तेच आकडे १००० आणि ९० टक्के. इंचाच्या बोल्टवर आकडा नसतो, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट नंबर प्लेटला लाव, यू बोल्टच्या (कमानपाटे अक्सलला बांधणाऱ्या) जागी नको. सगळे नट-बोल्ट चांगले घेतले तरी तुझ्या बजेटला धक्का लागणार नाही.

रानवाट_१५

मंडळी, काय लिहू? चार रात्रींचं काम तुम्ही दोन दिवसांत केलंत. टाकी, नोझल, हीटर प्लग, शिम सेट, हार्नेस, नट-बोल्ट यादीत घातले. शॉकॲब, सीट, दिवे, सायलेन्सर, कापडी हूड लोकल. आकडा १ लाख ३१ हजारांवर आला आणि लेथच्या कामाला १९ हजार उरले.

एकच अडलंय. कमानपाटे. मिस्त्री म्हणतो जुनेच ठोकून उचलून देतो, नवे घेऊ नका.

सय्यद_मालेगाव

ठोकून उचललेले पाटे चार महिन्यांत परत बसतात. उचलायचेच तर नीट तापवून, बाक देऊन, तेलात विझवून, पुन्हा हलकं तापवून चिवट करणारा कारागीर हवा, तसे आता कमी उरलेत. नवे घेणार असाल तर मालाची विचारणा करा, ईएन ४५ असं पोलादाचं नाव बिलावर लिहून घ्या. सेंटर बोल्ट नवा. आणि जास्त उंचीच्या नादाने जादा पाटा घालू नका, रिकाम्या जीपमध्ये बसणाऱ्याची कंबर जाते.

पेठचा_गुरुजी

पाण्यात उतरणार म्हणालात, म्हणून एक. दोन्ही अक्सल हाउसिंगच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) रबरी नळी लावून वर बॉनेटपर्यंत न्या. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचते. नंतर ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं येतं. चार-पाच फूट नळी आणि दोन क्लिपा, याहून स्वस्त काही नाही, आणि क्राऊन-पिनियन (अक्सलमधले गिअर) वाचतं. हाउसिंगमध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल घाला. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल सांगेल तेच, पितळी सिंक्रो रिंगा असतील तर जीएल-५ त्यांना मानवत नाही.

(पाच महिन्यांनी)

रानवाट_१५

धागा वर काढतोय. जीप उभी राहिली. कागद झाले, जूनमध्ये पासिंग झालं. परवा पहिल्यांदा हरसूलपर्यंत नेली, वडील शेजारी.

काय काय बिघडलं ते प्रामाणिकपणे सांगतो. लोकल वायपर मोटर पहिल्याच पावसात बंद, आंबोलीपर्यंत वडिलांनी खिडकीतून हात काढून काच पुसली. सायलेन्सरचा क्लॅम्प सुटला, तारेने बांधला. दोन्ही मिळून तास गेला.

चांगल्या मालातही एक निघालं. चाळीस किलोमीटरनंतर थांबून चारही हबला हात लावला. तीन कोमट, पुढच्या डाव्यावर तळहात ठेवता येईना. बेअरिंग नावाजलेलं, नंबर तपासून घेतलेलं. आधी वाटलं, नकलीच मिळालं.

अंबडचा_टर्नर

नट जास्त आवळलाय. आतला नट चाक फिरवत फिरवत घट्ट कर, चाक जड फिरायला लागलं की साधारण एक षष्ठांश फेरा मागे घे. मग लॉक वॉशर, मग बाहेरचा नट, आणि वॉशरची कड दुमडायला विसरू नकोस. ग्रीस जळलंय का बघ, काळं आणि वासाचं असेल तर धुऊन नवीन भर. रोलर निळे पडले नसतील तर बेअरिंग राहू दे.

रानवाट_१५

टर्नरदादा, तसंच केलं. रोलर चकचकीत होते, निळे नव्हते. काल त्र्यंबकला जाऊन आलो, चारही हब सारखे कोमट. डावीकडचा नट मीच आवळला होता, मिस्त्री जेवायला गेला असताना.

नोव्हेंबरात साल्हेरचा बेत आहे. कोण येतंय?

कडवा_धरण

मी येतो. प्रोपेलर शाफ्टचा एक जास्तीचा क्रॉस (सांधा) घेऊन येतो, माप एकच असेल तर दोघांच्याही गाडीला चालेल. आणि एक बाटली डॉट ४, सीलबंद.